टँकरवरचा 'इन' : एका उपसर्गाची ज्वलनशील गोष्ट

मागच्या महिन्यात हायवेवर आमच्यापुढे पेट्रोलचा टँकर होता. मागे लाल अक्षरात 'हायली इनफ्लेमेबल'. नववीतला मामेभाऊ म्हणाला, "दादा, इनकरेक्ट म्हणजे करेक्ट नाही. मग हे म्हणजे पेट न घेणारं ना?"

मी हसलो. मग हसू थांबलं, कारण लॉजिक चुकीचं नव्हतंच!

गडबड लॅटिनमध्ये आहे. तिथे 'इन' दोन होते, दिसायला सेम, मुळं वेगळी. पहिला नकाराचा: इनकरेक्ट, इनव्हिजिबल. ओठ मिटणाऱ्या अक्षराआधी तो 'इम' होतो, म्हणून इम्पॉसिबल. आणि हा आपला लांबचा नातेवाईक आहे बरं का! संस्कृतचा 'अ', ग्रीकचा 'अ', इंग्रजीचा 'अनहॅपी'मधला 'अन', सगळ्यांचं मूळ एकच. संस्कृतात स्वर आला की 'अ'चा 'अन्' होतो: अज्ञान, पण अनंत. ग्रीकमध्येही डिट्टो: 'एथीइस्ट'मध्ये नुसता 'अ', 'अनार्की'मध्ये 'अन्'. मला तर हे वाचून काटाच आला.

दुसरा 'इन' म्हणजे आत: इनहेल. पेटवणे या अर्थाच्या 'इन्फ्लामारे' या लॅटिन क्रियापदात हा दुसरा आहे, आणि त्यावरूनच इनफ्लेमेबल आला. म्हणजे पेट घेणारं.

पण आगीजवळ उभा असलेला माणूस व्युत्पत्ती बघत बसणार का? अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ नावाचा केमिकल इंजिनिअर आगीच्या विमा कंपनीत होता, पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून गाजला. त्याने लिहून ठेवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागायचे, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढायचे. खरं तर आत उरलेल्या वाफेमुळे रिकामं पिंपच जास्त धोकादायक! एका शब्दाने माणूस गाफील होतो, तो असा.

म्हणूनच १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'इन' काढून सरळ 'फ्लेमेबल' वापरा, असा आग्रह धरला. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तेच धोरण घेतलं. शब्द नवा नव्हता, एकोणिसाव्या शतकापासून कोपऱ्यात पडून होता. व्याकरणवाल्यांना तो आवडला नाही. नसेना का!

आपल्या टँकरांवर मात्र जुना शब्द अजून दिसतो. पुढच्या टँकरवर मराठीत 'ज्वालाग्राही' होतं. मामेभावाने ते वाचलं आणि म्हणाला, "दादा, जरा अंतर ठेव ना."