स्वयंपाकघरातल्या प्रोग्रामर

1962 साली स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी काढली. सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून घ्यायचं असतं, हे तेव्हा ब्रिटनमध्ये बहुतेकांच्या गावीही नव्हतं. संगणकाबरोबर ते फुकटच मिळायचं. त्यात शर्ली यांना हव्या होत्या लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायका.

अशा बायका पुष्कळ होत्या. लग्न झालं की बाईने राजीनामा द्यायचा, ही ब्रिटिश सरकारी नोकरीतली अट 1946 मध्ये रद्द झाली होती. रिवाज मात्र चालूच राहिला. गणित शिकलेल्या, संगणकावर काम केलेल्या बाया घरी बसल्या आणि त्यांची विद्या गंजली असं गृहीत धरलं गेलं. शर्ली यांनी ते मानलं नाही.

त्या स्वतः पाच वर्षांच्या असताना, 1939 मध्ये, नाझींच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू मुलांच्या गाडीने व्हिएन्नाहून इंग्लंडला आल्या होत्या. डॉलिस हिलच्या टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी करत रात्रीच्या वर्गांतून त्यांनी गणिताची पदवी मिळवली. बाईच्या बढतीची वाट कुठे अडते, हे त्यांना तिथेच कळलं. पुढे ‘स्टेफनी’ अशी सही असलेल्या व्यावसायिक पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवलं म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. मग कामं येऊ लागली.

बायकांनी घरूनच काम करायची ही कल्पना तगली ती त्या काळच्या कामाच्या पद्धतीमुळे. प्रोग्राम आधी कागदावर पेन्सिलीने लिहायचा, टपालाने पाठवायचा, मग त्याची कार्डं पंच व्हायची आणि शेवटी तो मशीनवर चालवला जायचा. यातला सगळ्यात डोकं लावायचा भाग जेवणाच्या टेबलावर, पोर झोपल्यावरही होऊ शकत होता. म्हणून उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारला जाई: घरी टेलिफोन आहे का? ग्राहकाचा फोन आला की शर्ली टाइपरायटरच्या टकटकीची टेप लावत, म्हणजे मागचं बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये.

कामं मात्र लुटुपुटुची नव्हती. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रामिंग याच घरबसल्या बायकांनी केलं. पहिल्या 300 कर्मचाऱ्यांत 297 स्त्रिया होत्या. खंड पडलेल्या बाईला कामावर घेणं म्हणजे तिच्यावर उपकार, ही समजूत खोडायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. कामाची वेळ आणि जागा बदलताच त्याच बायका अवघड कामं चोख करून देऊ लागल्या.

1975 चा लिंगभेदविरोधी कायदा आला आणि बायकांनाच प्राधान्य देण्याचं धोरण बेकायदा ठरलं. स्त्रियांच्या बाजूने झालेल्या कायद्यामुळे कंपनीला पुरुषांसाठी दार पूर्ण उघडावं लागलं. शर्ली यांनी पुढे मालकीचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. 1996 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि त्या कर्मचाऱ्यांपैकी 70 जण दशलक्षाधीश झाले.