१४५ दुखापती आणि डोक्याला १९ हादरे : हार्वर्डच्या १९०५ च्या हंगामातून काय शिकायचं?

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी त्या खेळाडूला अंगावर झेपावून पाडायचं. आपल्याला तो थोडा रग्बीसारखा आणि थोडा कबड्डीच्या पकडीसारखा वाटेल. २०१२ साली 'इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली तेव्हा 'पुणे मराठाज' नावाचा संघही त्यात होता. पण हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही.

मग एका डॉक्टरने त्यावर लेख का लिहावा? कारण डोक्याला लागलेल्या माराकडे वैद्यकशास्त्राने कधीपासून गांभीर्याने पाहायला सुरुवात केली, याची एक महत्त्वाची कडी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघात आहे. तो संघ हार्वर्ड विद्यापीठाचा आणि हंगाम १९०५ चा.

तेव्हाचा खेळ कसा होता?

त्या काळी तीन प्रयत्नांत चेंडू ५ यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, पुढे न्यावा लागे. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी नव्हती. त्यामुळे सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे आपल्या खेळाडूंचा घोळका करायचा आणि समोरची फळी फोडून घुसायचं. कबड्डीत बचाव करणारे हात धरून साखळी करतात, तशी साखळी करून सगळा संघ धावत दुसऱ्या संघावर आदळतो आहे, अशी कल्पना करा. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. काही जण चामड्याची टोपी घालत, बरेच जण तीही घालत नसत.

१९०५ च्या एका हंगामात अमेरिकेत हा खेळ खेळताना १८-१९ तरुणांचा मृत्यू झाल्याची नोंद वर्तमानपत्रांनी केली. त्यात शाळकरी मुलंही होती. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता.

दोन डॉक्टर आणि एक वही

हार्वर्डच्या मुख्य संघाचा तो हंगाम तसा बरा गेला. आठ सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत सुटला. शेवटचा सामना २५ नोव्हेंबरला येलविरुद्ध होता. त्यात हार्वर्डच्या एका खेळाडूचं नाक फुटलं, पण येलला साधी शिक्षाही झाली नाही. हार्वर्ड ६-० ने हरलं. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये युनियन कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावला.

सामन्यांचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येत होते. पण संघाचे डॉक्टर एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ यांनी आणखी एक हिशेब ठेवला होता, दुखापतींचा. ४ जानेवारी १९०६ रोजी तो एका बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. पुढे हेच नियतकालिक 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नावाने जगभर ओळखलं जाऊ लागलं.

एका संघाच्या एका हंगामात १४५ दुखापती झाल्या होत्या. त्यांपैकी १९ वेळा मेंदूला हादरा बसला होता, ज्याला आम्ही डॉक्टर 'कन्कशन' म्हणतो. साऱ्या हंगामात फक्त दोनच सामने असे होते, ज्यांत एकही कन्कशन झालं नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते डॉक्टरांचं पुढचं निरीक्षण. खेळाडू आणि त्यांना शिकवणारे या दुखापतीला किरकोळ समजत, तिची थट्टा करत.

पाय मोडला तर सगळ्यांना दिसतो. मेंदूचा हादरा दिसत नाही. तो दिसला, कारण दोघांनी मोजायचं ठरवलं.

नंतर काय झालं?

युनियन कॉलेजच्या खेळाडूच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रमुखांनी इतर कॉलेजांना एकत्र बोलावलं. डिसेंबर १९०५ मध्ये ६२ कॉलेजांची बैठक झाली. त्यातून जी संघटना उभी राहिली, तीच १९१० पासून 'एनसीएए' म्हणून ओळखली जाते. आजही अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ तीच चालवते. १९०६ साली नियम बदलले. तीन प्रयत्नांत ५ ऐवजी १० यार्ड जावं लागू लागलं, चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली, घोळक्याने आदळण्यावर बंधनं आली. हार्वर्डच्या डॉक्टरांनी पुढचे तीन हंगामही मोजले आणि दुखापती बऱ्याच कमी झाल्याचं १९०९ मध्ये मांडलं. मात्र मृत्यू थांबले नाहीत. १९०९ चा हंगामही जीवघेणा ठरला आणि नियम पुन्हा बदलावे लागले.

कॉलेजच्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं व्हायला १९३९ उजाडलं. हेल्मेटने कवटी फुटण्याचं प्रमाण कमी होतं, पण कन्कशन पूर्णपणे टळत नाही. का, ते पुढे येईलच. २००५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या नामवंत खेळाडूच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला मेंदूचा आजार त्यात आढळला होता. १९०६ मध्ये लिहून ठेवलेली गोष्ट लोकांच्या गळी उतरायला एवढा काळ लागला.

मेंदूला हादरा बसतो म्हणजे काय होतं?

मेंदू हाताला खरवसासारखा मऊ लागतो. तो कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं किंवा झटक्यात फिरलं की कवटी थांबते, पण आतला मेंदू हलत राहतो, पिळवटतो. हेल्मेट कवटीला वाचवतं. आतली ही हालचाल ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

या हिसक्याने पेशींचं रासायनिक संतुलन बिघडतं. ते सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. सीटी स्कॅन मात्र बहुधा नॉर्मल येतो, कारण बिघाड कामकाजात असतो, रचनेत नाही. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. "बेशुद्ध पडला नाही ना, मग काही नाही" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

कधी त्रास उशिरा सुरू होतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याने डाव पूर्ण केला, चक्कर नंतर आली. त्याच्या जागी चहल गोलंदाजीला आला तेव्हा त्यावर वाद झाला होता, आठवतंय? डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर त्यात नवल काहीच नव्हतं.

आतमध्ये रक्तस्राव होत असेल तर गोष्ट आणखी गंभीर. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभे होते. चेंडू डोक्याला लागला, ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले, मग प्रकृती बिघडली आणि तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं. मार लागल्यावर माणूस चालतो-बोलतो आहे, एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

आपल्या मैदानांवर

आमच्या लवळ्यात टेकडीवर दोन मोठी विद्यापीठं आहेत आणि खाली गावात कबड्डी आहे, टेनिस बॉलचं क्रिकेट आहे. वसतिगृहात राहणारी मुलं आई-वडिलांपासून दूर असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे म्हणजे खोलीतले मित्र. म्हणून हे नियम मुलांनी, प्रशिक्षकांनी आणि पालकांनी, सगळ्यांनीच लक्षात ठेवावेत.

* डोक्याला मार लागून गरगरणं, डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं, गोंधळ किंवा विसरायला होणं यांपैकी काहीही जाणवलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. "दोन मिनिटं बस, पाणी पी आणि ये" हा उपचार नव्हे.
* पुढचे २४ तास एकटं राहू नये. गाडी चालवू नये. दारू घेऊ नये.
* डोकेदुखीला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये.
* वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, हातापायात अशक्तपणा, बोबडी वळणं, वाढती गुंगी, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणं, अशी लक्षणं दिसली किंवा क्षणभरही शुद्ध हरपली, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.
* एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हलकं चालणं आणि पायरीपायरीने खेळ. भिडण्याचा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना महिनाही लागू शकतो.
* पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. घाई नको म्हणतात ती यासाठी.

प्रशिक्षकांना आणखी एक विनंती. सामन्याच्या गुणांसोबत दुखापतींचीही एक वही ठेवा. कोणाला, कधी, कुठे लागलं, एवढं लिहिलं तरी पुरे. निकोल्स आणि स्मिथ यांच्याकडे सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. गावच्या कुठल्याही संघाला ते आजही जमण्यासारखं आहे.