खांब कोणत्या लाकडाचा?

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी दगडी देवळे उभी आहेत. इथल्या शेतकऱ्याने घर मात्र लाकडाचेच बांधले. दगड घडवायला राजाश्रय लागे. लाकूड शिवाराच्या कडेलाच होते.

या घराचे आद्य रूप दुबेळक्याचे. बेचके राखून तोडलेले खांब जमिनीत पुरायचे, बेचक्यांत आडे टेकवायचे, वर बांबू आणि गवत. पण जमिनीतला बुंधा कुजे, वाळवी लागे. म्हणून सुताराने खांब तासून दगडी तळखड्यावर उभा केला आणि त्याच्या माथ्यावरचा कुसू मयालीच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, भोकात बसवला. गवताऐवजी कुंभाराचे कवेलू चढले, तसा सांगाडाही जाड झाला. भार सगळा लाकडावर. भिंत म्हणजे बांबूच्या कमच्यांचा कुड, त्यावर तणीस कालवलेली माती आणि शेणाचे सारवण. वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलताना माती गळाली, तरी छप्पर ढळत नसे. पावसाळा सरला की कुड लिंपून घ्यायचा.

खांब कोणत्या लाकडाचा, हे मात्र पुढे सरकार ठरवू लागले. हा मुलूख ज्यात होता ते नागपूरचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले, १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलाची पकड घट्ट झाली. सागवान सरकारी मोलाचे झाले. मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाच्या, वाड्याला सागाचे खांब लागत. साध्या शेतकऱ्याची भिस्त निस्तारात, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या जंगल-वापराच्या हक्कात, मिळणाऱ्या ऐन, धावडा अशा आडजात लाकडावर. १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि तिची जंगलेही सरकारकडे गेली.

२००६च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला पुन्हा नावानिशी मान्यता दिली. बांबू गौण वनोपज ठरला आणि ग्रामसभेच्या हाती आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने त्याची वाट दाखवली. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात बसत नाही. म्हणजे कुडावर गावाचा मालकी हक्क, खांबावर नाही.

२०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले, याचा या मुलखाला अभिमान आहे. तसाच मान इथल्या घरालाही मिळायला हवा. जुन्या सांगाड्याचा एखादा खांब बदलायला लागणारे आडजात लाकूड ग्रामसभेच्या ठरावावर आणि रास्त दरात मिळाले, तर कितीतरी घरे पाडावी लागणार नाहीत आणि सांधा जुळवणाऱ्या सुताराच्या हाताला कामही राहील.