चिमूरचा अर्ज

माझे वडील जळगाव जामोदला तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अर्ज घेऊन आत जाणाऱ्याला ते एकच गोष्ट बजावत, "मंजूर होवो न होवो, आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नको." त्या आकड्याचे मोल मला लहानपणी कळले नाही. ते कळले पुढे चिमूरची हकीकत वाचताना.

चिमूर आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. त्या वेळी तो चांदा जिल्हा. आमचा बुलढाणा आणि तो चांदा, दोघांचेही सरकार नागपूरला, मध्यप्रांत व वऱ्हाडचे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'ची हाक आठवड्यापूर्वीच उठलेली आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव पेटलेले. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण गेला. मग चिडलेल्या जमावाच्या हातून चार सरकारी माणसे मारली गेली. हेही विसरू नये. तीही कोणाची तरी मुले होती.

तिसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गोऱ्या सैनिकांची तुकडी पोलिसांसह चिमुरात शिरली. पुरुष धरले गेले, घरे लुटली गेली. आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नागपूरच्या महिला कार्यकर्त्यांनी गावात जाऊन त्या बायकांचे बोलणे ऐकून घेतले. डॉ. बा. शि. मुंजेही चिमूरला जाऊन आले आणि त्यांनी चौकशी मागितली. हे तेच मुंजे, ज्यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. हिंदी तरुणाने सैनिक व्हावे म्हणून आयुष्य वेचणारा हा गृहस्थ. चौकशी मागणे म्हणजे सैन्याशी वैर धरणे, असे त्यांना वाटले नाही. सरकारने मात्र आरोप नाकारले आणि चौकशीची गरज नाही असे सांगितले.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी पुढे आले. आधी त्यांनी दिल्ली गाठली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपल्या वऱ्हाडचेच लोकनायक बापूजी अणे होते. भन्साळींनी त्यांच्या दारी धरणे धरले, पण त्यांना पकडून परत पाठवण्यात आले. मग ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी उपोषण आरंभले. मागणी एवढीच, की चिमूरची निष्पक्ष चौकशी करा. अमक्याला फाशी द्या, असे ते म्हणाले नाहीत. सरकारने उपोषणाची बातमी छापायलाही बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंक बंद ठेवले. १२ जानेवारीला, ६३ दिवसांनी, उपोषण सुटले. बातमीवरची बंदी उठली. स्वतंत्र चौकशी मात्र सरकारने दिली नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. सरकारी माणसे मारल्याबद्दल खास न्यायालये बसली. आष्टी-चिमूरच्या अनेकांना फाशी सुनावली गेली. अनसूयाबाई काळे यांनी ते जीव वाचवण्यासाठी जिवाचे रान केले आणि उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या. गावकऱ्यांचा गुन्हा कोर्टात तपासला गेला, शिपायांवरचा आरोप तपासलाच गेला नाही. एकाच गावात, एकाच आठवड्यात, दोन कायदे.

चिमूर पेटले त्याच्या आदल्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला होता. कॅप्टन आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला गरज पडल्यास जीव जाईपर्यंत बळ वापरता येईल, आणि केंद्र सरकारच्या परवानगीवाचून त्याच्यावर खटला भरता येणार नाही, असा त्याचा मतलब. इंग्रज गेले. ईशान्येकडील बंडाळीसाठी १९५८ मध्ये आपल्या संसदेने जो कायदा केला, त्यातही परवानगीचे हे कलम आले.

४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ, कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर २१ पॅरा स्पेशल फोर्सेसच्या जवानांनी गोळ्या झाडल्या. हे सैन्यातले निवडक जवान. सहा मजूर ठार झाले आणि नंतरच्या उद्रेकात आणखी माणसे गेली. ओळखण्यात चूक झाली, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले आणि खेद व्यक्त केला. राज्याच्या पोलिसांनी तपास करून ३० जणांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने २०२३ मध्ये परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याची कारवाई थांबवली. परवानगी मिळाल्यास ती पुढे चालू शकेल आणि लष्कर स्वतःही शिस्तभंगाची कारवाई करू शकेल, असे न्यायालयाने म्हटले.

जवान जिवावर उदार होऊन काम करतो. खोट्या तक्रारींपासून त्याला संरक्षण हवे, हे मलाही मान्य. पण ज्याचा माणूस, त्याच्याच हाती परवानगी, हा इन्साफ कसा? ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तिथे लष्कराच्या महानिरीक्षकांनीच अफगाणिस्तानातल्या आपल्या खास तुकड्यांची चौकशी केली. ३९ अफगाणांच्या बेकायदा हत्येबद्दल विश्वासार्ह माहिती मिळाल्याचा अहवाल २०२० मध्ये जाहीर झाला. २०२३ मध्ये एका माजी सैनिकावर खुनाचा आरोपही ठेवला गेला. त्या देशाचे सैन्य यामुळे मोडून पडले नाही. उलट, निर्दोष शिपायावरचा डागही अशा चौकशीनेच पुसला जातो. चौकशीच झाली नाही, तर संशय सगळ्या पलटणीवर राहतो.

चिमूरच्या त्या बायका आता हयात नसतील. आपले म्हणणे सांगायला त्या लाज आणि भीती गिळून उभ्या राहिल्या, एवढी एक गोष्ट इतिहासात राहिली. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी अर्ज दिला होता. आवक क्रमांक कोणी दिलाच नाही.