नळीवरचा पोपट आणि नळराजाचा हंस

आपल्या नांदेड-लातूरकडे 'घाण्याचा बैल' म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. डोळ्यांना झापड बांधून घाण्याभोवती फिरणारी ही जनावरे वडीलधाऱ्यांनी पाहिलेली. कामगारांच्या सभेत हा शब्द आम्ही किती वेळा वापरला असेल! परंतु त्या बैलाचे स्वतःचे काय, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. जुनी मराठी कविता वाचू लागलो, तेव्हा कळले की ही खोड आमची एकट्याची नव्हे.

इ. स. 1290 मध्ये, गोदेच्याच खोऱ्यात, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसला की त्याच्या भाराने ती उलट फिरते. पाय मोकळे असूनही 'मी बांधला गेलो' असे समजून तो ती अधिकच आवळून धरतो. याला दुसऱ्या कोणी बांधले काय, असे माउली विचारतात. जीवाच्या भ्रमाविषयी हे खरेच आहे. पण नळी टांगणारा कोणीतरी होताच ना? 'तुम्हीच धरून बसला आहात, सोडा' हा उपदेश आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळ ऐकला आहे. म्हणूनही असेल, आमचे मन पोपटाकडे झुकते.

पुढे पंडित कवींचा काळ आला. नांदेडशी ज्यांचे नाव जोडले जाते ते वामनपंडित याच परंपरेतले. पण आमचा विषय आहे रघुनाथपंडितांचे नलदमयंतीस्वयंवराख्यान. कथेचा हा भाग बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या नैषधीयचरितातही आहे. नळराजा झोपलेला सोन्याचा हंस पकडतो, आणि येथे हंस स्वतःच बोलतो. घरी उडता न येणारी म्हातारी आई आहे, नुकतीच बाळंत झालेली बायको आहे. मला मारण्यात तुझा पराक्रम तो कोणता? येथे दोष धरणाऱ्याकडे जातो, आणि तोही थेट राजाच्या तोंडावर. राजा मूठ सोडतो. मग मोकळा झालेला हंस आपण होऊन परत येतो आणि दमयंतीकडे जाण्याचे काम पत्करतो. धरून ठेवला असता तर हे घडते ना!

हा हंसविलाप शाळेत घोकलेल्या कित्येक घरांतून राघूचा पिंजरा टांगलेला असे, आणि त्या राघूला 'विठू विठू' म्हणावयास शिकवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राघू असा कोंडून ठेवणे आज गुन्हा आहे.