पिल्लांची हगवण आणि आईचे दूध

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठातल्या डॉइल आणि हचिंग्ज या संशोधकांनी 1946 साली एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. नुकती जन्मलेली डुकराची पिल्ले ओकत, पिवळसर पाण्यासारखे हगत आणि काही दिवसांतच मरत. त्याच गोठ्यातली मोठी डुकरे मात्र आजारी पडूनही सावरत. हा रोग विषाणूचा निघाला. ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस या लांबलचक नावाऐवजी सगळे त्याला टीजीई म्हणू लागले.

हा विषाणू आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक उंचवट्यांतील पेशी नष्ट करतो. मोठ्या जनावरात त्या झपाट्याने पुन्हा तयार होतात, आठवड्याच्या आतल्या पिल्लात मात्र हे काम संथ चालते. तोवर प्यायलेले दूध पचत नाही आणि शरीरातले पाणी निघून जाते. शिवाय डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. पिल्लू जन्मते ते पूर्ण निःशस्त्र. त्याला जे संरक्षण मिळायचे ते आईच्या चिकातून आणि दुधातूनच.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी यावर उपाय काढला. आजारी पिल्लांची आतडी बारीक करून ते गाभण डुकरिणींना व्यायच्या काही आठवडे आधी खाऊ घालत. किळस यावी असा हा उपाय, पण पुढची पिल्ले वाचत. ती का वाचतात, हे ओहायोतील वूस्टर येथे एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांच्या 1970 च्या दशकातील कामातून उलगडले. लस स्नायूत टोचली की चिकात प्रतिपिंडे येत, पण पुढच्या दुधात ती झपाट्याने घटत. विषाणू आतड्यात शिरला तर तिथल्या रोगप्रतिकारक पेशी स्तनांपर्यंत जात आणि वेगळ्या प्रकारची, आयजीए नावाची प्रतिपिंडे दुधात दीर्घकाळ येत राहत.

प्रत्येक हगवणीत आतड्यातल्या संसर्गाची ही अट नव्हती. ई. कोलाय जिवाणूचे काही प्रकार आतड्याला चिकटून विष सोडतात. ब्रिटनमध्ये रटर आणि जोन्स यांनी 1973 साली दाखवले, की चिकटण्यासाठी लागणाऱ्या घटकाची लस आईला टोचली तर चिकातली प्रतिपिंडे पिल्लांना वाचवतात.

टीजीईला युरोपात निसर्गानेच आवर घातला. 1984 मध्ये बेल्जियममध्ये त्याच विषाणूचे असे रूप सापडले, ज्याच्या जनुकाचा एक तुकडा गळाला होता. ते आतड्याऐवजी श्वसनमार्गात वाढे आणि हवेतून पसरे. कळपांमागून कळपांना त्यातून टीजीईविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळाली.

पण तोवर दुसरा शत्रू आला होता. 1971 मध्ये इंग्लंडमध्ये दिसलेल्या अशाच हगवणीचा विषाणू 1978 मध्ये बेल्जियममध्ये ओळखला गेला. पोर्सिन एपिडेमिक डायरिया, म्हणजेच पीईडी, या रोगाचा हा कोरोनाविषाणू. 2010 नंतर चीनमध्ये त्याचे अधिक घातक प्रकार पसरले आणि मे 2013 मध्ये तो अमेरिकेत असल्याचे निश्चित झाले. तिथल्या कळपांची त्याच्याशी गाठच पडली नव्हती. वर्षभरात सुमारे 70 लाख पिल्ले मेल्याचा अंदाज आहे. कत्तलखान्यात डुकरे उतरवून परतणारे ट्रेलर विषाणू फार्मवर नेत होते, म्हणून ते धुऊन, निर्जंतुक करून वाळवण्यावर भर आला. जून 2014 मध्ये रोगाची नोंद सरकारला कळवणे सक्तीचे झाले.

फार्मवाले पुन्हा आजीआजोबांच्या काळातल्या उपायाकडे वळले आणि गाभण डुकरिणींना संसर्गित पदार्थ चारू लागले. त्याच वर्षी अमेरिकेत पीईडीच्या दोन लसींना सशर्त परवाना मिळाला. दोन्ही टोचायच्या होत्या. विषाणूशी आधी सामना झालेल्या डुकरिणींची प्रतिकारशक्ती त्या वाढवत, पण ज्यांच्या आतड्याने तो कधी पाहिलाच नव्हता त्यांच्यात गुण कमी येई. त्यामुळे तोंडावाटे देता येईल अशा सौम्य केलेल्या जिवंत लसीचे काम सुरूच राहिले. वूस्टरच्या प्रयोगशाळेनेही हा नवा विषाणू वाढवून त्याचा अभ्यास हाती घेतला.