वीस लिटरच्या कॅनची कुळकथा

ट्रकला जादा टाकी बसवली की तिचं तेल त्या एकाच गाडीचं. वीस लिटरचा कॅन मात्र उतरवून मागच्या गाडीला देता येतो, वाटेत ठेवून परतीला उचलता येतो. म्हणून मला या कॅनचं मोल टाकीपेक्षा जास्त वाटतं.

तो 1937 साली जर्मनीत, श्वेल्म इथल्या म्युलर कंपनीत विन्झेन्ट्स ग्र्यूनफोगेल या अभियंत्याने लष्करासाठी तयार केला. पत्र्याचे दाबून घडवलेले दोन अर्धे भाग, आणि त्यांचा वेल्डिंगचा जोड खोलगट जागी दडवलेला, म्हणजे कॅन आपटला तरी जोड फुटत नाही. कुशीवरच्या फुलीच्या आकाराच्या खाचांमुळे उन्हाने तेल फुगलं तरी पत्रा सांभाळून घेतो. वर तीन मुठी: भरलेला कॅन मधल्या मुठीने एकाने न्यावा किंवा कडेच्या मुठींनी दोघांनी मिळून, आणि रिकामे असले तर एका हातात दोन यावेत. मुठींखाली हवेचा कप्पा राहतो, त्यामुळे भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. तोंडाला खटक्याचं झाकण आणि आत हवा घेणारी बारीक नळी. त्यामुळे तेल गचके न देता ओतलं जातं. नरसाळं नको, पाना नको.

इंग्रजांकडे तेव्हा चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे होते, आपल्या घासलेटच्या डब्याचे भाऊबंद. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ट्रकच्या हादऱ्यांनी ते गळायचे. तळापासून आघाडीपर्यंत जाताना तीस टक्के पेट्रोल वाया जातं, असा सेनापती ऑकिन्लेक यांचा अंदाज होता. ज्या वाळवंटात प्रत्येक लिटर शेकडो मैलांवरून आणायचा, तिथे ही गळती केवढी जीवघेणी असेल! सैनिकांनी ते डबे कापून चुली केल्या आणि जर्मनांचे कॅन हाती लागताच ते वापरायला घेतले. इंग्रज सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत. तेच नाव कॅनला चिकटलं.

अमेरिकेला त्याची खबर लागली ती भारताच्या वाटेवर निघालेल्या एका मोटारीमुळे. 1939 साली पॉल प्लाइस हा अमेरिकी अभियंता एका जर्मन सहकाऱ्यासह बर्लिनहून निघाला. पाण्यासाठी त्या सहकाऱ्याने टेम्पेलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन आणले होते. त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं गेलं, पण जाण्यापूर्वी त्याने कॅनची सगळी बारीकसारीक माहिती प्लाइसला सांगून ठेवली. प्लाइसने कलकत्ता गाठलं, मोटार तिथे ठेवली आणि मायदेशी जाऊन लष्कराला सांगितलं. नमुन्याशिवाय कुणी ऐकेना, तेव्हा मोटार कॅनसकट मागवावी लागली. तरीही अमेरिकेने नक्कल करताना जोड बदलला आणि आट्याचं झाकण लावलं. कॅन गळू लागले, पाना आणि नरसाळं पुन्हा गरजेचं झालं. इंग्रजांनी मात्र हुबेहूब नक्कल केली, आणि शहाणपण तेच होतं.

आजही मनालीहून लेहला जाताना वाटेतल्या पेट्रोल पंपांमध्ये मोठं अंतर असतं. तिथे कॅन न्यायचा असेल तर धातूचा, झाकणाचं रबर तपासलेला घ्या. भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा. गाडीत ठेवून भरल्यास स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि गळ्यापर्यंत भरू नका, तेलाला फुगायला जागा लागते.